शाईच्या रेखाटनातली रेषा कशी वाचावी: कागदापासून भावनेपर्यंत, क्रमाने

शाईने काढलेल्या माणसाच्या चित्रासमोर बहुतेक जण पहिल्या पाच सेकंदांत दोन गोष्टी उरकतात. माणूस कोण आहे ते ओळखतात आणि चेहऱ्यावरून एक शब्द उचलतात: दुःखी, शांत, रागीट. मग पुढचं चित्र. ज्या रेषेमुळे तो शब्द सुचला, ती पाहायची राहूनच जाते.

मी शाळेत चित्रकला शिकवायचे. आता महिन्यातून एखाद्या रविवारी पाच-सात जणांना घेऊन नागपुरातली प्रदर्शनं पाहते. मागे सिव्हिल लाइन्समधल्या एका प्रदर्शनात काटोलकडचे एक संत्रा बागायतदार एका रेखाटनासमोर बराच वेळ थांबले होते. बसलेला म्हातारा, पाठमोरा. ते मला म्हणाले, "ताई, थकला दिसते हा माणूस. पण काहून दिसते, ते नाही समजून राह्यलं."

हा प्रश्न योग्य जागी बोट ठेवणारा आहे. चेहरा दिसतच नाही, तरी थकवा दिसतो. म्हणजे तो रेषेत कुठेतरी आहे. तो नेमका कुठे आहे हे शोधायची रीत पुढे टप्प्याटप्प्याने दिली आहे. क्रम मोडू नका. जवळजवळ सगळ्या चुका क्रम उलटा केल्यामुळे होतात, म्हणजे आधी भावना ठरते आणि मग रेषेत तिचा पुरावा शोधला जातो. असा पुरावा नेहमीच सापडतो, आणि म्हणून त्याचा उपयोग नसतो.

## तयारी: आदल्या दिवशी, घरी

ही तयारी लोक टाळतात. "आम्हाला चित्र काढायचं नाही, पाहायचं आहे," असं म्हणतात. पण ज्याने टाक कधी कागदावर दाबलेला नाही, त्याला दाब दिसत नाही. अर्धा तास पुरतो आणि चित्रकला यायची गरज नाही, कारण नुसत्या रेघा ओढायच्या आहेत.

लागणारं सामान: कार्ट्रिज कागदाचे दोन-तीन तुकडे, काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक, निब लावलेला टाक, बोरू, सहा नंबरचा गोल ब्रश आणि साधं बॉलपेन. बोरू मिळाला नाही तर बांबूची किंवा वेताची पोकळ काडी पेन्सिलीएवढी घ्या, टोक तिरपं कापा, पुढचा भाग चपटा करून मधोमध ब्लेडने छोटी चीर द्या.

सावध: ही शाई फाउंटन पेनमध्ये भरू नका. तिच्यातला चिकट पदार्थ आत वाळला की पेन कायमचं बसतं.

प्रत्येक हत्याराने सहा रेघा ओढा आणि खाली पेन्सिलीने नाव लिहा:

1. वरून खाली, हलक्या हाताने.
2. वरून खाली, मधे दाब वाढवून पुन्हा सोडत.
3. खालून वर, ढकलत.
4. झटक्यात.
5. मनात दहा मोजत, सावकाश.
6. अर्ध्यावर थांबून, तीन मोजून पुढे.

आता कागद पाहा. टाकाच्या निबला मधे चीर असते. दाबलं की दोन पाती फाकतात आणि रेघ जाड होते, सोडलं की मिटतात. वर ढकलताना मात्र टोक कागदात रुततं, शाईचे बारीक शिंतोडे उडतात. म्हणून टाकाची जाड रेघ बहुधा हाताकडे ओढलेली असते. बोरूत शाई फार मावत नाही. रेघ ओली, गडद सुरू होते आणि दोन-तीन इंचांत कोरडी पडते, कडा खरबरीत होतात. ब्रशला दिशेचं बंधन नाही. तो कुठेही जाड, कुठेही बारीक होतो आणि शाई संपत आली की केसांच्या समांतर पांढऱ्या फटी दिसू लागतात. बॉलपेनच्या सहाही रेघा जवळजवळ सारख्या दिसतील. झटक्याची आणि सावकाश ओढलेली रेघ शेजारी ठेवा: पहिलीचं शेपूट निमुळतं होऊन जरा पुढे निसटलेलं असतं, दुसरीची कडा भरीव असते. सहाव्या रेघेत थांबलेल्या जागी शाईचा बारीक फुगवटा दिसेल.

हा कागद म्हणजे तुमची नमुना-चिठ्ठी. ती प्रदर्शनाला बरोबर न्या.

चिठ्ठी एकदा मे महिन्यात करा आणि एकदा जुलैत. नागपूरच्या उन्हाळ्यात पंख्याखाली निबवरची शाई बघता बघता वाळते आणि रेघ मधेच तुटते. पावसाळ्यात कागद दमट होतो, शाई फुटते आणि कडेला केसासारखे तंतू पसरतात. दोन्ही खुणा हवामानाच्या आहेत, चित्रकाराच्या मनाच्या नाहीत. हा फरक मी स्वतः एकदा चुकले आहे. ते पुढे येईल.

## तयारी: बाहेर पडताना

उद्घाटनाच्या संध्याकाळी जाऊ नका, कारण रेषा पाहायला भिंतीसमोरची रिकामी जागा लागते. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचं कलादालन असो की चित्रकला महाविद्यालयातलं विद्यार्थ्यांचं प्रदर्शन, आठवड्यातल्या मधल्या दिवशी दुपारी निवांतपणा मिळतो.

बरोबर वही, पेन्सिल (चित्राजवळ पेन काढू नये), छोटं भिंग आणि एक जाड कागद असू द्या. कागदाच्या मधोमध काडेपेटीएवढी खिडकी कापा. गडद रंगाचे कपडे घाला. पांढरा सदरा चित्रावरच्या काचेत उमटतो आणि बारीक रेघा झाकून टाकतो. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा आणि फ्लॅश बंद ठेवा.

आणि एका दिवशी तीनच चित्रं घ्या. पंधरा-वीस पाहिलीत तर घरी येईपर्यंत एकाचीही रेषा आठवणार नाही.

## टप्पा १: लांबून, शब्दाशिवाय

आठ-दहा पावलं मागे उभे राहा. डोळे किंचित मिटा. आता माणूस दिसत नाही, काळ्याचा आणि पांढऱ्याचा हिशेब दिसतो. काळं कुठे साचलंय, नजर सगळ्यात आधी कुठे जाते आणि तिथून कुठे सरकते, एवढंच वहीत लिहा. चित्राची पाटी वाचू नका. "विधवा" किंवा "प्रतीक्षा" असं नाव वाचलं की पुढचे सगळे टप्पे त्या नावाची चाकरी करतात.

तपासणी: लिहिलेल्या ओळीत भावनेचा एकही शब्द नसावा. असेल तर खोडा.

## टप्पा २: हत्यार ओळखा

आता जवळ या आणि चिठ्ठी वहीवर उघडी ठेवा. टाक, बोरू, ब्रश, एकसारख्या जाडीचं टेक्निकल पेन, की दोन हत्यारं मिळून? रेषा कशाने ओढली आहे हे कळल्याशिवाय ती काय बोलते ते कळत नाही, कारण प्रत्येक हत्यार काही गोष्टी आपोआप करतं. आपोआप झालेल्या गोष्टीचं श्रेय चित्रकाराच्या भावनेला देऊ नये.

उदाहरण घ्या. व्हॅन गॉगने १८८८ साली आर्ल इथे बोरूने पुष्कळ रेखाटनं केली. त्यांत आखूड तुटक रेघा आणि ठिपके यांची दाटी आहे. "अस्वस्थ मनाचे फटकारे" असं म्हणायचा मोह होतो. पण बोरूत शाई टिकत नाही, रेघ आखूडच येणार, हे तुमच्या चिठ्ठीने तुम्हाला आधीच दाखवलं आहे. मग पाहण्यासारखं काय उरतं? ठिपका कुठे, रेघ कुठे, कुठली दिशा कुठे बदलली, ही निवड. अभिव्यक्ती निवडीत असते, आणि निवड दिसण्यासाठी सक्ती आधी बाजूला काढावी लागते.

रंगाचाही एक धोका आहे. जुन्या रेखाटनांतला तपकिरी रंग पुष्कळदा मुळात तपकिरी नसतो. लोह आणि मायफळ यांपासून केलेली शाई काळी असते, काळाबरोबर ती तपकिरी होते आणि कागदही खाते. "उदास तपकिरी छटा" लिहिण्याआधी हे आठवा.

सावध, हे शाईचं रेखाटन आहे का? नंदलाल बोस यांचं १९३० सालचं दांडीयात्रेचं गांधीजींचं चित्र, काठी टेकत निघालेले, काळ्यावर पांढऱ्या रेषा, पुष्कळांना शाईचं रेखाटन वाटतं. ते लिनोकट आहे, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून घेतलेला छाप. तिथली पांढरी रेषा म्हणजे हत्याराने कोरून काढलेली जागा, आणि काळं म्हणजे उरलेलं. कोरलेल्या रेषेला कापल्याची टणक कड असते. तिच्यात शाईचा ओघ शोधणं चूक.

सावध, मूळ की छापील? नागपुरात सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांत दिवाळी अंक मिळतात. मराठीत रेषेचा मोठा ठेवा त्यांत आहे, दीनानाथ दलालांपासून वसंत सरवट्यांपर्यंत, आणि नागपूरच्या भाऊ समर्थांची रेखाटनं मराठी-हिंदी नियतकालिकांतून आली आहेत. सराव जरूर तिथेच करा. पण जुनी छपाई लाइन ब्लॉकची, म्हणजे चित्रावरून बनवलेल्या धातूच्या ठशाची होती: ब्लॉकला काळं आणि पांढरं दोनच कळतात. कोरड्या ब्रशची करडी झाक एकतर काळी होते नाहीतर गळते. शिवाय चित्र मोठं काढून छापताना लहान करण्याची पद्धत होती. त्यामुळे छापील चित्रात रेषेची दिशा, वळण, तुटलेली जागा यांवर बोला. दाब आणि ओलसरपणा यांवर बोलू नका. मोबाइलवरचं चित्र तर याहून कच्चं. फोन स्वतःच काळं आणखी काळं करतो आणि केसाएवढी रेघ पुसून टाकतो.

## टप्पा ३: एका रेषेचा प्रवास

हा सगळ्यात मोठा टप्पा आहे. याला निम्मा वेळ द्या.

पूर्ण चित्रातून एकच लांब रेषा निवडा. पाठीची, मांडीची, पदराची. चेहऱ्यातली नको. कागदाची खिडकी चित्रापासून हातभर दूर, डोळ्यासमोर धरा आणि ती रेषा तुकड्या-तुकड्याने पाहा. काचेला काहीही टेकवू नका.

सुरुवात शोधा. शाईचा थेंब बसलेलं, भरलेलं टोक बहुधा सुरुवातीचं असतं. निमुळतं किंवा कोरडं टोक शेवटचं. ब्रशच्या रेषेत पांढऱ्या फटी कुठे सुरू होतात ते पाहा, त्या शेवटाकडे वाढतात. दिशा कळली की त्याच दिशेने हवेत बोट फिरवा. ऐकायला बाळबोध वाटेल, पण बोट फिरवल्याशिवाय वेग कळत नाही. ज्यांना मोडी वाचता येते त्यांना ही सवय असते: हात न उचलता लिहिलेलं अक्षर वाचताना डोळे लिहिणाऱ्याच्या हातामागून जातात.

वेग. रेषा कुठे धावली, कुठे मंदावली? वळणावर रेषा जाड झाली असेल तर हात तिथे रेंगाळला, किंवा मुद्दाम दाबला. दोन्हींत फरक आहे. रेंगाळण्याने शाई झिरपते, रेषेच्या दोन्ही कडा मऊ फुगतात. टाकाने दाबलं असेल तर निबच्या दोन पात्यांचे बारीक चर भिंगातून, तिरप्या उजेडात, कधी कधी दिसतात.

दाब. दाब वाढला ती जागा शरीरात कुठे येते? चांगल्या रेखाटनात जाडी उगीच बदलत नाही. बसलेल्या माणसाची मांडी जमिनीला टेकते तिथे, काखेत, हनुवटीखाली, ओझं खांद्यावर बसतं तिथे ती बदलते.

दुसरी रेषा. शाई पुसता येत नाही. चुकलेल्या रेषेशेजारी दुसरी ओढतात, पांढऱ्या रंगाने झाकतात किंवा ब्लेडने खरवडतात. दुहेरी रेषा दिसली की दोन शक्यता: दुरुस्ती, किंवा हालचाल दाखवण्यासाठी मुद्दाम ठेवलेली. दुरुस्तीत एक रेषा ठाम आणि दुसरी सोडून दिलेली असते. हालचालीसाठी असेल तर दोन्हींना सारखं वजन असतं.

इथेच सगळ्यात महागडी चूक होते, आणि ती थरथरत्या रेषेची. काही वर्षांपूर्वी जुलैमधल्या एका प्रदर्शनात मी सोबतच्या मंडळींना एका म्हातारीच्या रेखाटनासमोर उभं करून, तिच्या हाताच्या फुटलेल्या रेषेत शोक कसा थरथरतो हे दहा मिनिटं समजावलं. चित्रकार मागेच उभे होते. शांतपणे म्हणाले, "मॅडम, कागद ओलसर होता. माझी सहीसुद्धा तशीच फुटली आहे बघा." सही खरंच तशीच फुटली होती. त्या दिवसापासून पुढच्या दोन तपासण्या मी कधीच सोडत नाही.

तपासणी, सही: सहीत कुणी भावना ओतत नाही. ती त्याच हत्याराने, त्याच कागदावर, बहुधा त्याच दिवशी केलेली असते. चित्रातली कंपनं, फुटणं, खरबरीतपणा सहीतही असेल तर ते सामानाचं काम आहे.

तपासणी, निर्जीव वस्तू: त्याच चित्रातल्या खाटेचा पाय, काठी, भांडं पाहा. रेषा तिथेही थरथरत असेल तर ती चित्रकाराच्या हाताची ढब आहे. खाटेचा पाय ठाम आणि त्यावर टेकलेला हात तेवढा थरथरता असेल, तर मात्र थांबा आणि वहीत ठळक लिहा. ही निवड आहे.

## टप्पा ४: जिथे रेषा नाही

आता सुटलेल्या जागा मोजा. बाह्यरेषा कुठे तुटली आहे? नवखे प्रेक्षक याला अपुरं काम समजतात, आणि जरा सरावलेले "व्वा, किती कमी रेषांत!" म्हणून पुढे जातात. दोघांनीही पाहिलेलं नसतं. प्रश्न असा विचारा: तुटलेल्या जागी माझी नजर अडते की स्वतःहून पूल बांधते?

रेम्ब्रांटचं १६५४च्या सुमाराचं झोपलेल्या तरुणीचं रेखाटन ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ब्रश आणि तपकिरी शाई. मोठ्या पडद्यावर त्याची चांगली प्रतिमा उघडून हा टप्पा करून पाहा. चेहऱ्याभोवती ब्रश बारीक आणि जपून चालतो. अंगावरच्या वस्त्राला तोच ब्रश रुंद, मोजक्या, काही ठिकाणी कोरड्या पडत गेलेल्या फटकाऱ्यांनी मोकळा करतो. फटकाऱ्यांच्या मधे कोरा कागद आहे, आणि त्या कोऱ्या कागदालाच आपण बाहीची घडी, गुडघ्याचा उंचवटा म्हणून वाचतो. झोपेतलं सैल पडलेलं अंग आणि चेहऱ्याची निजलेली शांतता असा फरक ब्रशच्या रुंदीतून येतो. डोळे मिटलेले दाखवून तेवढं काम झालं नसतं.

तपासणी: मनातल्या मनात सुटलेली जागा रेषेने भरा. चित्र जास्त पूर्ण वाटलं तर ती जागा राहून गेली होती. चित्र जड, कोंडलेलं वाटलं तर ती सोडली होती.

## टप्पा ५: वजन स्वतःच्या अंगात घ्या

चित्रातल्या माणसासारखे उभे राहा किंवा बसा. दालनात लाज वाटत असेल तर निदान खांदे आणि मान तशी करा. मग विचारा: माझं वजन कुठल्या पायावर आलं? कुठला स्नायू ताणला? आता त्याच जागेची रेषा पाहा. तिथे रेषेत काही घडलंय का?

चित्रकार के. के. हेब्बर यांनी कथक शिकून घेतलं होतं. त्यांच्या नर्तकांच्या रेखाटनांत रेषा अंगाच्या आतल्या चालीने वळते, अशी माझी समजूत आहे. निदान पाहताना माझे खांदे आपोआप हलतात.

डोळ्याला वजन ओळखायचं वळण लावायचं तर पहाटे कॉटन मार्केटात जा. पोतं पाठीवर घेतलेल्या हमालाची मान, कंबर आणि टाच एकाच तिरप्या रेषेत येतात; ओझं उतरवल्यावर तीच रेषा कशी मोडते ते पाहा. काढू नका, नुसतं पाहा. अजब बंगल्याच्या, म्हणजे नागपूरच्या वस्तुसंग्रहालयाच्या, शिल्पदालनातही हा सराव होतो. मूर्ती हलत नाही आणि घाई करत नाही.

या टप्प्यात सावकाश पाहण्यासारखं एक काम म्हणजे बंगालचे चित्रकार झैनुल आबेदिन यांची १९४३च्या बंगालच्या दुष्काळातली रेखाटनं. काळी शाई, ब्रश, स्वस्त पॅकिंगचा कागद. विषय इतका भीषण आहे की माणूस लगेच हळहळतो आणि पाहणं संपतं. थोडं थांबा. ब्रश जाड आहे, बाह्यरेषा ठाम आहे, कुठेही गोंजारलेली नाही. फासळ्या, गुडघे, कोपर असे कोन पुढे येतात आणि त्यांना जोडणारं मांस रेषेत जवळजवळ नाही. अंगाला स्वतःचं वजन उचलवत नाही, ते जमिनीला दिलं आहे. हळहळीला आता आधार मिळाला. ती आधीपेक्षा कमी होत नाही, उलट तुम्हाला ती सहज झटकता येत नाही.

## टप्पा ६: चेहरा आणि हात

आता, इतक्या उशिरा, चेहरा. इथे मी फार वेळ घालवत नाही, कारण चेहरा सगळेच पाहतात. एकच गोष्ट करा: चेहऱ्याची रेषा आणि पाठीची रेषा यांचा स्वभाव एक आहे की वेगळा? चेहरा हसरा आणि पाठ ताठरलेली, किंवा चेहरा रिकामा आणि बोटं घट्ट आवळलेली, अशी फारकत सापडली तर चित्राचा गाभा बहुधा तिथे असतो.

सावध: चेहरा बारकाव्यांनी भरलेला आणि बाकी अंग एकाच जाडीच्या निर्जीव रेषेने उरकलेलं असेल, तर बारकाव्यांना भुलू नका. फोटोवरून गिरवलेल्या चित्रात हे पुष्कळदा दिसतं. हुबेहूब असणं आणि रेषा जिवंत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

## टप्पा ७: शब्द, पुराव्यासह

आता भावनेचा शब्द लिहायची परवानगी आहे. एका वाक्यात, आणि वाक्याचे तीन भाग हवेत: कुठली रेषा, तिने काय केलं, त्यावरून मला काय वाटलं.

कच्चं वाक्य: "रेषांमधून एकाकीपण व्यक्त होतं."

पक्कं वाक्य: "मानेपासून कमरेपर्यंतची ब्रशची रेषा एका दमात आली आहे, पण खांद्यापाशी ती हाताला जोडलेली नाही, हात त्या माणसाचा राहिलेला नाही असं मला वाटलं."

दुसऱ्या वाक्याशी कुणी वाद घालू शकतं, आणि त्यासाठी त्याला चित्रापाशी परत यावं लागतं. पहिल्याशी वाद घालायला जागाच नाही. प्रवाही, लयबद्ध, सशक्त, बोलकी हे चार शब्द माझ्या गटात वर्ज्य आहेत. सुरुवातीला मंडळी अडखळतात, मग "ढिली", "ओढून आणलेली", "दबकत गेलेली", "निसटलेली", "खचलेली" असे घरचे शब्द यायला लागतात. ते रेषेच्या जास्त जवळ असतात.

शब्द लिहून झाल्यावरच पाटी वाचा. नाव तुमच्या वाक्याशी जुळलं नाही तर वाक्य बदलू नका. खाली नाव लिहा आणि दोन्ही तशीच ठेवा.

## टप्पा ८: घरी, उलटी परीक्षा

छापील चित्र असेल तर ट्रेसिंग पेपर ठेवून ते बॉलपेनने, एकाच दाबाने गिरवा. मूळ चित्रं पाहून आला असाल तर दिवाळी अंकातलं एखादं रेखाटन किंवा आर. के. लक्ष्मण यांचं जुनं व्यंगचित्र घ्या; ते ब्रशने काढत, त्यामुळे जाडी-बारकी ठळक दिसते. आकार, प्रमाण, वळणं सगळं जसंच्या तसं उतरेल. आता दोन्ही शेजारी ठेवा. गिरवलेल्या प्रतीत जे हरवलं, ते रेषेचं काम होतं. जे टिकलं, ते आकाराचं होतं. काही चित्रांत जवळजवळ काहीच हरवत नाही. ती चित्रं वाईट ठरत नाहीत, पण त्यांची ताकद मांडणीत किंवा कल्पनेत आहे, आणि त्यांच्या रेषेची स्तुती करणं चुकीच्या माणसाला हार घालण्यासारखं आहे.

सावध: हे गिरवलेले कागद सरावाचे आहेत. कुणाला आपलं काम म्हणून दाखवू नका, कुठे टाकू नका.

त्याच चित्राकडे पंधरा दिवसांत एकदा परत जा आणि टप्पा ३ वेगळी रेषा निवडून करा. वहीत प्रत्येक नोंदीवर तारीख, मूळ की छापील, हत्यार आणि हवामान लिहा. काटोलच्या त्या बागायतदारांनी माझ्याकडून पेन्सिल घेऊन त्याच दुपारी केलेली नोंद अजून माझ्या वहीत आहे: "मूळ. ब्रश. कोरडी हवा. काठीची रेघ ठाम, सही स्वच्छ. पाठीची रेघ मानेपासून निघते तेव्हा काळी, कमरेपाशी शाई संपली तरी थांबली नाही, पुन्हा बुडवली नाही. तशीच जमिनीपर्यंत घासत नेली."

त्याखाली, जरा जागा सोडून: "थकला."